लॅबमधला संगणक, उजनीचं पाणी आणि मे महिना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या एका कॉलेजात संगणक लॅब सांभाळण्यात माझी बरीच वर्षं गेली. लॅबच्या किल्ल्या आणि डेडस्टॉक रजिस्टर दोन्ही माझ्याकडे, त्यामुळे विजेचे, एसीचे, भंगाराचे प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात. तीच उत्तरं मोबाइलवर टाइप करून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. केगावच्या विद्यापीठ परिसरातल्या विभागांना आणि जिल्ह्यातल्या संलग्न कॉलेजांना यातलं बहुतेक लागू पडेल. हिशेब ढोबळ आहेत. तुमच्या यंत्रांप्रमाणे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

सर, संगणकाचा कुठे धूर निघतो? मग पर्यावरणाचं नुकसान कसलं?

धूर निघतो, फक्त लॅबमध्ये दिसत नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडीला एनटीपीसीचं औष्णिक वीज केंद्र आहे. ६६० मेगावॅटचे दोन संच, एकूण १,३२० मेगावॅट, कोळशावर चालणारे. तिथली वीज ग्रिडमध्ये जाते आणि बऱ्याच ठिकाणी वाटली जाते. तीच नेमकी आपल्या सॉकेटमध्ये येते असं नाही. पण देशाच्या ग्रिडची सरासरी काढली तरी एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे.

सोलापूरकराला धुरापेक्षा जवळची गोष्ट पाण्याची. औष्णिक केंद्राला थंड व्हायला पाणी लागतं. नव्या केंद्रांना सरकारने घालून दिलेली मर्यादा एका युनिटमागे ३ लिटरची आहे. फताटेवाडीला पाणी येतं उजनी धरणातून, आणि काही दिवसांआड आपल्या नळाला येतं तेही मुख्यतः उजनीतूनच. इथे वीज वाचवणं आणि पाणी वाचवणं या दोन वेगळ्या मोहिमा नाहीत.

रात्री लॅब चालू राहिली तर असा किती फरक पडणार?

हिशेब करू. ६० डेस्कटॉपची लॅब. कुणी काम करत नसताना जुनं डेस्कटॉप नुसतं बसून सुमारे ५० वॅट खातं. ६० यंत्रांचे झाले ३ किलोवॅट. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ, १६ तास. म्हणजे एका रात्रीत ४८ युनिट.

४८ युनिट म्हणजे ३३-३४ किलो कार्बन डायऑक्साइड आणि, वरच्या मर्यादेने धरलं तर, जवळपास १४४ लिटर पाणी. घागरीत मोजायचं तर नऊ-दहा घागरी. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वर्षात २०० रात्री असं झालं तर ९,६०० युनिट. एवढ्या विजेत एखादं मध्यमवर्गीय घर कित्येक वर्षं चालेल.

आमच्याकडे हे थांबलं ते पोस्टर लावून नव्हे. ‘कृपया संगणक बंद करा’ हा कागद दोन वर्षं भिंतीवर होता आणि त्याच्याखालीच यंत्रं चालू असायची. शेवटी सगळ्या यंत्रांवर संध्याकाळी साडेसहाला आपोआप शटडाउन होण्याची वेळ लावली. ज्याला थांबायचं आहे त्याला दहा मिनिटं आधी सूचना येते, तो ती रद्द करू शकतो. अर्ध्या तासाचं काम होतं.

पण सारखं चालू-बंद केल्याने मशीन खराब होतं ना?

हा समज जुन्या काळातला. दिवसातून दोनदा बंद केल्याने आजच्या संगणकाला काही होत नाही. सोलापुरात यंत्र मरतं ते धुळीने, उष्णतेने आणि लाइट जाऊन अचानक जास्त व्होल्टेजने आल्यावर. बंद यंत्राला यातलं काहीच फारसं बाधत नाही.

स्क्रीनसेव्हर लावला आहे, चालेल?

नाही. त्याने दमडीची वीज वाचत नाही. पाच मिनिटांनी मॉनिटर बंद होईल अशी सेटिंग करा. डार्क मोडचंही तसंच: ओएलईडी पडद्यावर थोडा फायदा, लॅबच्या साध्या एलसीडीवर शून्य.

शटडाउन केल्यावर भिंतीवरचं बटणही बंद करायचं का?

हो. बंद डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून एक-दोन वॅट ओढतच राहतात. एका यंत्राचं काही नाही, पण ६० यंत्रं वर्षभर धरली की आकडा सात-आठशे युनिटपर्यंत जातो. एका रांगेला एक एमसीबी (सगळ्या रांगेची वीज एकदम तोडणारा खटका) असेल तर शिपाईमामांना साठ बटणं शोधत फिरावं लागत नाही. नवीन लॅबचं वायरिंग होणार असेल तर इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगा. प्लास्टर झाल्यावर कुणी ऐकत नाही.

एसी १८ वर ठेवला नाही तर मुलं तक्रार करतात. काय करावं?

या प्रश्नावर थोडं थांबू, कारण सोलापुरात लॅबच्या विजेचा मोठा वाटा इथेच जातो.

संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन खोलीत उतरते. काम चालू असताना ६० यंत्रं प्रत्येकी ८० वॅटने चालली तर ४.८ किलोवॅट उष्णता. एसीचा एक टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर काढायची ताकद. म्हणजे दीड टनाचा एक आख्खा एसी नुसता संगणकांची ऊब बाहेर काढण्यात दमतो. (बसलेला विद्यार्थीही जवळपास तेवढीच ऊब सोडतो, पण त्याला स्लीप मोडवर टाकता येत नाही. काही जण स्वतःहून जातात ही गोष्ट वेगळी.) त्यामुळे संगणकाचा एक वॅट वाचला की एसीचा आणखी एक-तृतीयांश वॅट वाचतो. हा फायदा कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेला नसतो.

एसी २४ ते २६ वर ठेवा आणि पंखे चालू ठेवा. एक अंश वर नेला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसीचं मूळ सेटिंग २४ असावं हा नियमही त्यातूनच आला. बाहेर ४३ असताना १८ चं बटण दाबल्याने खोली लवकर गार होत नाही. एसी फक्त जास्त वेळ धापा टाकत राहतो. पंखे बदलायचे असतील तर बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घ्या. जुना पंखा ७०-७५ वॅट घेतो, हा ३० च्या आसपास.

आणि वर बघा. आमची लॅब वरच्या मजल्यावर आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारी स्लॅबला हात लावला तर कळतं, एसी कुणाशी झुंजतोय. गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग दिला, पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावले. दोन्हीचा खर्च नव्या एसीच्या मानाने किरकोळ. पडद्यांसाठी कापड शोधायला सोलापूरच्या माणसाला गाव सोडावं लागत नाही.

जमलं तर आणखी एक करा. उन्हाळ्यात लॅबची प्रात्यक्षिकं सकाळी सात ते अकरा ठेवा. वेळापत्रक समितीशी भांडण होतं, पण टिकतं.

एसीऐवजी कूलर?

आपली हवा कोरडी, त्यामुळे कूलर घराला झकास. लॅबमध्ये मात्र पाणी, दमटपणा आणि त्याच्याबरोबर येणारी धूळ तिन्ही नकोत. शिवाय तो पाणी पितो, आणि मे महिन्यात ते कुठून आणायचं हा प्रश्न आहेच.

सर्व्हर रूम तरी थंडगार हवी ना? विक्रेता १८ म्हणतो.

थंडगार नको, ठरलेल्या मर्यादेत हवी. सर्व्हरच्या तोंडाशी येणारी हवा १८ ते २७ अंश असावी अशी आश्रे (ASHRAE) या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस आहे आणि जगभरची डेटा सेंटरं ती मानतात. विक्रेत्याने त्यातलं खालचं टोक तेवढं लक्षात ठेवलेलं असतं. आम्ही २५ वर आणलं, कुठलाही सर्व्हर आजारी पडला नाही. रॅकच्या पुढची गार हवा आणि मागची गरम हवा मिसळू देऊ नका. रिकाम्या जागांना साध्या पट्ट्या लावल्या तरी फरक पडतो.

अपवाद बॅटऱ्यांचा. यूपीएसच्या बंदिस्त लेड-ॲसिड बॅटरीला २५ च्या आसपासची हवा मानवते. त्यावर दर १० अंशांमागे तिचं आयुष्य निम्म्यावर येतं. जिन्याखालच्या कोंदट जागेत ठेवलेल्या बॅटऱ्या दोन वर्षांत का जातात, याचं उत्तर हेच. निकामी झाल्यावर त्या अधिकृत ठिकाणीच परत द्या, २०२२ चे बॅटरी कचरा नियम तेच सांगतात.

प्रत्येक विभागाचा स्वतंत्र सर्व्हर हाही एक छंदच आहे. कोपऱ्यात चार सर्व्हर, चौघांवर मिळून एका सर्व्हरचंही काम नाही. एकाच चांगल्या यंत्रावर चार व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने केलेले चार वेगळे सर्व्हर, ठेवा. तांत्रिक अडचण फारशी नसते. ‘आमचा सर्व्हर’ कुणाच्या खोलीत राहणार, यावर बैठका होतात.

नवीन, कमी वीज खाणारे संगणक घेतले तर सगळंच सुटेल की?

नेहमीच नाही. यंत्र कारखान्यातून बाहेर पडतं तेव्हाच त्याच्या नावावर मोठं ओझं चढलेलं असतं: खाणी, चिप बनवायला लागणारी वीज आणि अतिशुद्ध पाणी, वाहतूक. एक लॅपटॉप बनताना ढोबळमानाने २५० किलोच्या घरात कार्बन डायऑक्साइड धरा. तोच लॅपटॉप ३० वॅटने, दिवसाला ८ तास, वर्षाला २५० दिवस चालला तर ६० युनिट, म्हणजे ४२ किलो. बनवतानाचं ओझं वापराच्या सहा वर्षांइतकं. तीन वर्षांत लॅपटॉप बदलणाऱ्याने वीज वाचवल्याच्या गप्पा मारू नयेत.

डेस्कटॉपचं गणित जरा वेगळं. जुना डबा आणि मॉनिटर मिळून १०० वॅट, तेवढ्याच तासांत २०० युनिट, १४० किलो. इथे रोज किती वेळ वापर होतो ते बघायचं. दिवसभर चालणारं बारा वर्षांचं डेस्कटॉप काढून मिनी पीसी घेणं पटण्यासारखं आहे. ग्रंथालयात आठवड्यातून दोनदा पुस्तकं शोधायला लागणारं यंत्र बदलणं पटत नाही. भलामोठा काचेचा जुना मॉनिटर अजून कुठे चालू असेल तर त्याला मात्र आजच निरोप द्या.

बदलण्याआधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आणि ४ जीबीची रॅम ८ करून पाहा. ‘मशीन स्लो आहे’ म्हणून आलेल्या तक्रारींतल्या बऱ्याचशा माझ्याकडे एवढ्यावरच मिटल्या. आणि कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा. आपल्या धुळीचा थर पाहिला की पंखा का ओरडत होता ते कळतं.

विंडोज १० चा सपोर्ट संपला. आता सगळे संगणक टाकायचेच ना?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मोफत सपोर्ट संपला हे खरं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ठणठणीत यंत्रंही बाद ठरली. माझ्या मते जुन्या यंत्रांवर झालेला हा सगळ्यात मोठा अन्याय. यंत्राला काही झालेलं नाही, नियम बदलला.

तरी मार्ग आहेत. शैक्षणिक संस्थांना पैसे भरून आणखी तीन वर्षं सुरक्षा अपडेट घेता येतात आणि पहिल्या वर्षाचा दर अगदी नाममात्र आहे. कायमचा उपाय लिनक्स. उबंटू किंवा मिंट बऱ्या यंत्रांवर, लुबंटू अशक्त यंत्रांवर. सी, पायथन, जावा, डेटाबेस ही सगळी प्रात्यक्षिकं तिथे चालतात, उलट अधिक सुरळीत.

अडतं ते दोन ठिकाणी. एक, काही परीक्षा आणि हिशेबाची सॉफ्टवेअरं फक्त विंडोजवरच चालतात. त्यासाठी काही यंत्रं राखून ठेवा. दुसरं, ऑफिसातलं मराठी. युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर उत्तम चालतो, पण वीस वर्षांची पत्रं श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये साठलेली असतात आणि तिथे उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. आमच्या ऑफिसने पहिल्याच दिवशी मला बोलावून तो चिवडा दाखवला आणि यंत्रं परत विंडोजवर गेली. म्हणून आधी फायली युनिकोडमध्ये आणा, मग यंत्रांना हात लावा. मी उलट क्रमाने गेलो आणि आपटलो.

जुने संगणक भंगारवाल्याला दिले तर काय बिघडतं? तो पैसेही देतो.

तो पैसे देतो कारण त्याला तांबं आणि सोन्याचा मुलामा हवा असतो. तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात, मुलाम्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात, आणि उरलेलं नाल्यात जातं. एका जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये किलो-दोन किलो शिसं असतं. हे काम करणाऱ्याच्या हातात बहुधा मोजेही नसतात.

कायदाही स्पष्ट आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२, १ एप्रिल २०२३ पासून लागू. वर्षात कधीही १,००० किंवा जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक वस्तू वापरणारी संस्था ‘मोठा ग्राहक’ ठरते आणि तिने ई-कचरा फक्त नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यायचा असतो. हजार हा आकडा मोठा वाटतो. पण संगणक, मॉनिटर, प्रिंटर, एसी, ट्यूबलाइट सगळं मोजायला बसा. मोठ्या परिसराला तो सहज गाठता येतो. लहान कॉलेजनेही त्याच वाटेने जावं. नोंदणीची खात्री करून, पावती फाइलला लावून.

खरी अडचण निर्लेखनाची, म्हणजे वस्तू रजिस्टरमधून रीतसर कमी करण्याची. रजिस्टरवर वस्तू आहे तोवर ती बाहेर काढता येत नाही, आणि निर्लेखन समितीची बैठक काही लागत नाही. एका संस्थेत मी एक खोली पाहिली आहे: छतापर्यंत मॉनिटर, दार लोटलं तर वरचा एक अंगावर येईल अशी. लेखापरीक्षणात वस्तू कमी भरू नये म्हणून सगळं जपून ठेवलेलं. पंधरा वर्षांपूर्वी यातली निम्मी यंत्रं एखाद्या शाळेला उपयोगी पडली असती. त्यामुळे माझं सांगणं एवढंच: समितीची बैठक दर वर्षी एका ठरलेल्या महिन्यात घ्या, मग यादीत दोन वस्तू असोत की दोनशे.

देण्याआधी डिस्क पुसा. नुसतं फॉरमॅट केल्याने विद्यार्थ्यांचे गुण आणि आधार क्रमांक जात नाहीत. पुसण्याचं वेगळं साधन वापरा, नाहीतर डिस्कला ड्रिलने भोक पाडा. ड्रिलचं काम करायला विद्यार्थी रांग लावतात.

गच्चीवर सोलर लावलं की मग वाट्टेल तेवढी वीज वापरता येईल?

सोलर जरूर लावा. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट मिळतात. लॅब दिवसा चालते, ऊनही दिवसा, त्यामुळे जोडी चांगली जमते; सुट्टीची वीज नेट मीटरिंगने महावितरणकडे जाते. पण १० किलोवॅटच्या सोलरची सरासरी ४० युनिट, म्हणजे मघाच्या रात्रभर चालू राहिलेल्या लॅबपेक्षाही कमी. आधी गळती बंद करा, मग टाकी भरा.

मे महिन्यात ऊन कडक म्हणून वीज सगळ्यात जास्त, असंही नसतं. पॅनेल तापलं की २५ अंशांवरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन सुमारे ०.४ टक्क्याने उतरतं, आणि आपल्याकडे दुपारी पॅनेल ६० च्या वर जातं. त्यात धूळ. आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा, मग पहाटे थोड्या पाण्याने पुसा. पाइप लावून धुऊ नका.

एआयला एक प्रश्न विचारला की बाटलीभर पाणी जातं, खरं का?

गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःचा आकडा दिला: जेमिनीला विचारलेल्या सर्वसाधारण मजकुरी प्रश्नाला ०.२४ वॅट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, म्हणजे पाचेक थेंब. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, त्यात मॉडेल घडवतानाचा खर्च नाही, आणि चित्रं-व्हिडिओ बनवायला याहून बरंच जास्त लागतं. हे सगळं धरूनही ताळा करून पाहा. तुमचं ८० वॅटचं डेस्कटॉप तेवढी वीज अकरा सेकंदांत खातं. उत्तर वाचता वाचता तुम्ही चहाला गेलात आणि यंत्र अर्धा तास चालू राहिलं, तर दीडशेहून जास्त प्रश्नांची वीज गेली. बाटली त्या चहाच्या वेळेत सांडते.

संशोधक विद्यार्थ्यांनी स्वतःचं मॉडेल घडवायला घेतलं की गोष्ट गंभीर होते. ४५० वॅटचं ग्राफिक्स कार्ड तीन दिवस सलग चाललं तर एकट्या कार्डाची ३२ युनिट, एसी वेगळा. आधी डेटाच्या दहाव्या हिश्श्यावर चालवून पाहा. तयार मॉडेल घेऊन थोडं शिकवता येत असेल तर शून्यातून सुरू करू नका. सुधारणा थांबली की प्रशिक्षण आपोआप थांबेल अशी सोय करा. आणि दर तासाला चेकपॉइंट, म्हणजे तोवर झालेलं काम, साठवा. सत्तराव्या तासाला लाइट गेल्यावर रडणारा मुलगा मी पाहिला आहे, आणि त्याने वापरलेली वीजही त्याच्याबरोबर गेली.

मग सगळं क्लाउडवर टाकलं तर?

मोठी डेटा सेंटरं आपल्या कोपऱ्यातल्या सर्व्हरपेक्षा बहुधा काटकसरीने चालतात. पण चालू ठेवून विसरलेलं क्लाउडवरचं यंत्र कुठेतरी वीज खातच असतं, आणि इथे शिपाईमामा जाऊन बटण बंद करू शकत नाहीत.

पेपरलेस झालो, एवढं पुरे नाही का?

पाठपोट प्रिंट हे मूळ सेटिंग ठेवा, तेवढ्याने कागद जवळपास निम्म्यावर येतो. प्रबंधाचा मसुदा मार्गदर्शकांना पीडीएफमध्ये पाठवा. बाकी, मूल्यांकनासाठी तयार केलेला ‘हरित परिसर’ अहवाल रंगीत, एकपोट, पाच प्रतींत छापलेला मी स्वतः बाइंडिंगला नेऊन दिला आहे, त्यामुळे या विषयावर मला बोलायचा फारसा अधिकार नाही.

हे सगळं मोजायचं कसं?

सॉकेटमध्ये लावायचा छोटा वीजमापक हजार-दोन हजारांच्या आत मिळतो. एक आठवडा एका यंत्राला लावा. मग लॅबला स्वतंत्र सब-मीटर बसवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा फळ्यावर लिहा. आमच्याकडे रात्रीचा आकडा लिहायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वॉटर कूलर आणि एक विसरलेला सर्व्हर सापडला.

गड्डा यात्रेची, दिवाळीची, उन्हाळ्याची सुट्टी आली की काय काय बंद करावं?

एमसीबी खाली, वाय-फायचे ॲक्सेस पॉइंट बंद, वॉटर कूलर बंद, प्रोजेक्टरचा प्लग बाहेर. यूपीएस महिनोन्‌महिने बंद ठेवू नका, बॅटरी मरते. लांब सुट्टीत महिन्यातून एकदा येऊन चार्ज करा. त्याच फेरीत वायरींकडे नजर टाका. उंदरांना बंद लॅब फार आवडते. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या अकरा नेटवर्क केबल संपवल्या, आणि जूनमध्ये पहिल्या प्रात्यक्षिकाला सगळ्यांनी लिनक्सला दोष दिला.